'कुठंही चालेल' म्हणू नका!

सडक अर्जुनीच्या एका भगिनीचे चार पानी पत्र समोर आहे. त्यांचा मुलगा अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळ नोकरीला असतो. त्या आणि त्यांचे यजमान येत्या डिसेंबरात पहिल्यांदाच त्याच्याकडे निघाले आहेत. त्याच मुक्कामात त्यांच्या लग्नाला ३५ वर्षे पूर्ण होतात. त्या दिवशी मुलगा त्यांना डिस्ने वर्ल्डमधल्या 'एप्कॉट' नावाच्या उद्यानात नेणार आणि तिथल्या फ्रेंच हॉटेलात जेवू घालणार. हॉटेले दोन आहेत. एक खाली, मोकळेढाकळे. दुसरे त्याच्याच माडीवर, भारीपैकी. मुलगा म्हणतो वरचे, सून म्हणते खालचे. शेवटी दोघांनी फोनवर विचारले, "आई, तुम्हीच सांगा." आणि आईंनी सांगितले, "आम्हाला काय रे, कुठंही चालेल!"

"तेव्हापासून," भगिनी लिहितात, "सून फोनवर कामापुरतं बोलते. ताई, माझं काय चुकलं? आणि आता सांगू तरी कोणतं? मी शाकाहारी आहे. यांना साखरेचा आजार. नातू ४ वर्षांचा. आणि एक गोष्ट मुलालाही सांगितलेली नाही. मला काट्या-चमच्यानं जेवता येत नाही. भारी हॉटेलात माझं हसं होईल अशी भीती वाटते."

मैत्रिणींनो, आम्ही कुठे अमेरिकेला चाललो आहोत, असे म्हणून पान उलटू नका. मुलाचा पहिला पगार झाला की तो गोंदियाला नाहीतर नागपूरला आईबाबांना जेवायला नेतो, तेव्हा प्रश्न हाच असतो. हमरस्त्यावरच्या ढाब्यावर थांबायचे की पांढऱ्या चादरीच्या टेबलावर बसायचे? आणि घरातली बाई तेव्हाही हेच म्हणते, 'कुठंही चालेल.'

आधी त्या दोन हॉटेलांची ओळख करून घेऊ. एप्कॉट हे उद्यान १ ऑक्टोबर १९८२ रोजी सुरू झाले. त्यातल्या एका मोठ्या तलावाच्या काठाने ११ देशांचे देखावे उभे केले आहेत. मेक्सिको आहे, चीन आहे, जपान आहे, मोरोक्को आहे. आपला भारत मात्र त्यात नाही. फ्रान्सच्या भागात लहानसा आयफेल टॉवर आणि पॅरिसची वाटावी अशी गल्ली आहे. गल्लीच्या तोंडाशी, तळमजल्यावर आहे 'शेफ द फ्रान्स'. हे १९८२ पासूनचे. पॉल बोक्यूज, रॉजे व्हेर्जे आणि गास्तों लनोत्र या फ्रान्सच्या तीन नामवंत आचाऱ्यांनी मिळून ते काढले. मोठ्या काचांच्या खिडक्या, माणसांची वर्दळ, मुलांचा कलकलाट. हवा तो एकेक पदार्थ मागवायचा, खायचे आणि उठायचे. दुपारीही जेवण मिळते.

त्याच इमारतीच्या माडीवर १९८४ मध्ये दुसरे हॉटेल निघाले. डिसेंबर २०१२ पासून त्याचे नाव 'मस्यू पॉल', म्हणजे पॉलसाहेब, त्या बोक्यूज यांच्याच नावावरून. हे फक्त रात्रीचे. दर ठरलेला, आणि त्या दरात एकामागून एक पदार्थ येणार. ठरावीक दराचे म्हणून आपल्या थाळीसारखे म्हणावे, तर थाळी एकदम समोर येते आणि इथे एक ताटली उचलल्याशिवाय दुसरी येत नाही. दीड-दोन तास सहज जातात. खिडकीपाशी जागा मिळाली तर तलाव दिसतो.

आता पत्रातल्या पहिल्या प्रश्नाकडे येते. माझे काय चुकले, असे तुम्ही विचारता. बाई, तुम्ही वाईट काहीच बोलला नाहीत. पण 'कुठंही चालेल' हे उत्तर नव्हे. विचारणाऱ्याचे ओझे त्याच्याच डोक्यावर परत ठेवणे झाले. बघा, मुलगा म्हणत होता 'भारी', सून म्हणत होती 'साधे'. तुम्ही गप्प राहिलात, तेव्हा त्या घरात काय उरले? आईवडिलांसाठी हात मोकळा सोडणारा मुलगा आणि हात आखडता घेणारी सून! सुनेने कदाचित सासऱ्यांच्या जेवणाची वेळ पाहिली असेल, पोराची चुळबुळ पाहिली असेल, तुम्हाला तिथे खायला काय मिळेल हे पाहिले असेल. पण तुमच्या एका शब्दाअभावी ती कंजूष ठरली. आपल्याला वाटते, आपण मध्ये न पडता शहाणपणा केला. प्रत्यक्षात आपल्या गप्प राहण्याची किंमत दुसऱ्याच बाईने मोजलेली असते.

मुलाचेही समजून घ्या. हौसेला मोल नसते. ज्या आईने स्वतःच्या पानातले त्याच्या पानात वाढले, तिला एकदा वरच्या माडीवर बसवावे, ही त्याची हौस आहे. सून म्हणते, अंथरूण पाहून पाय पसरावे. दोन्ही म्हणी आपल्याच, दोन्ही खऱ्या. म्हणून हौस खरी की काटकसर खरी, हा वाद घालू नका. जेवणाची जागा ठरवताना चार गोष्टी पाहाव्यात. टेबलाशी कोण कोण बसणार, त्यांच्या पायांत किती त्राण उरलेले असणार, ताटात त्यांना खाता येईल असे काय येणार, आणि ज्या निमित्ताने बसायचे त्याला काय शोभणार. हॉटेलाचा मान शेवटी पाहावा, माणसे आधी.

पाय पहा. त्या तलावाची नुसती प्रदक्षिणा साधारण २ किलोमीटर भरते. त्याआधी तुम्ही उद्यानाचा पहिला भाग हिंडलेले असता, रांगांत उभे राहिलेले असता. दिवसभर असे हिंडून रात्री दोन तास ताठ बसणे ४ वर्षांच्या पोराला जमणार नाही. ते खुर्चीवरून उतरेल, टेबलाखाली जाईल, आणि आईबाप दोघांचेही जेवणातले लक्ष उडेल. खालच्या हॉटेलात अशी दहा पोरे असतात, तिथे त्याचे काही वाटत नाही.

यजमानांची वेळ पहा. साखरेच्या माणसाला जेवणाची वेळ टळून चालत नाही. टप्प्याटप्प्याने येणाऱ्या जेवणात पोटभरीचा पदार्थ कधी समोर येईल, ते आपल्या हातात नसते. गोळी घेऊन ताटाची वाट पाहत बसणे बरे नव्हे. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्याच. दुपारचे जेवण ठरवले तर हा घोर मुळातच कमी होतो. आणि पिशवीत काहीतरी खायला असू द्या. होय, नेता येते! त्या उद्यानात स्वतःपुरते खाणे आत न्यायला परवानगी आहे. फक्त काचेची बरणी आणि दारू चालत नाही. तेव्हा दशम्या आणि जवसाची चटणी प्लॅस्टिकच्या डब्यात बांधून खुशाल न्या. साधे खाणे मिळते त्या खिडक्यांवर प्यायचे गार पाणी मागितले तर फुकट देतात. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका.

आता शाकाहाराचे. यात मात्र भिडस्तपणा करू नका, कारण फ्रेंच स्वयंपाकात मांस दिसत नाही तिथेही असते. कांद्याचे सूप हा तिथला प्रसिद्ध पदार्थ. नाव कांद्याचे, पण रिवाजाप्रमाणे ते गाईच्या हाडा-मांसाच्या पाण्यात शिजवतात. वर जे चीज घालतात, ते ग्रुयेर जातीचे. ते पारंपरिक पद्धतीने करताना दूध विरजायला वासराच्या जठरातला अंश वापरतात. काही रस्स्यांत वाइन असते. केक-पेस्ट्रीत अंडे असतेच. म्हणून 'व्हेजिटेरियन' एवढाच शब्द पुरत नाही. मुलाला आधीच सांगून ठेवा, की मांस, मासे, अंडे आणि मांसाचे पाणी यांतले काय काय चालत नाही, ते जागा राखतानाच कळव आणि वाढप्यालाही पुन्हा सांग. ज्यांना मांसमच्छी चालते, त्यांच्यापुढे हा प्रश्न नाही. तुमच्यापुढे आहे, आणि तो तुम्हीच बोललात तर सुटेल.

मग खायचे काय? 'रातातुई' नावाचा पदार्थ ऐकून ठेवा. दक्षिण फ्रान्समधल्या नीस भागातला, गोरगरिबांच्या घरातला. वांगी, टमाटर, ढोबळी मिरची आणि दुधी-काकडीच्या कुळातली झुकिनी नावाची फळभाजी तेलात मऊ शिजवलेली. म्हणजे आपली वांगी-टमाटराची भाजीच, तिखटावाचून! याच नावाचा उंदराचा चित्रपट २००७ मध्ये निघाला. त्यावरचा खेळ याच फ्रान्सच्या भागात १ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू आहे, नातवाला तो आवडेल. त्याच दिवशी त्याच्या शेजारी 'ला क्रेपरी' नावाचे तिसरे, आणखी साधे हॉटेल उघडले. तिथे धिरड्यासारखे पातळ 'क्रेप' मिळतात. गोड क्रेपच्या पिठात अंडे असते. खारट प्रकाराला 'गालेत' म्हणतात. ते कुट्टूच्या पिठाचे, उपासाला उत्तरेकडे खातात त्या कुट्टूचे. त्यातही अंडे घातले आहे का, ते विचारावे. आणि हॉटेलांचे पदार्थ ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून मुलाला आधी त्यांची ताजी यादी पाहून वाचून दाखवायला सांगा.

यादी वाचताना एक गंमत लक्षात ठेवा. 'आंत्रे' हा शब्द फ्रान्समध्ये जेवणाच्या सुरुवातीच्या पदार्थाला लावतात, आणि अमेरिकेत तोच शब्द मुख्य पदार्थाला! जिथे अमेरिकन माणसांचाही गोंधळ होतो, तिथे आपण विचारून घेण्यात कमीपणा कसला?

आता काट्या-चमच्याचे. भगिनी, या एका वाक्यासाठी तुमचे पत्र मी दोनदा वाचले. भारी हॉटेलाची भीती तुम्हाला पैशाची नाही, हसे होण्याची आहे. तर ऐका. टेबलावर कितीही काटे-सुऱ्या मांडलेल्या असोत, नियम एकच. बाहेरच्या बाजूचे आधी उचलायचे आणि प्रत्येक पदार्थासरशी आत आत यायचे. रुमाल मांडीवर. खाणे संपले की काटा-सुरी ताटलीत शेजारी शेजारी ठेवायची, म्हणजे वाढप्याला कळते. झाले शिक्षण! घरी दोन दिवस पोळी-भाजी काट्याने खाऊन पहा, हात बसेल. आणि पाव? तो भारीतल्या भारी फ्रेंच जेवणातही हातानेच तोडून खायचा असतो. सुरीने कापणे उलट गावंढळपणाचे समजतात. साडी नेसून गेलात तर कुठल्याही माडीवर शोभाल. गारव्यासाठी शाल तेवढी असू द्या.

आणि खरे सांगू? रीतसर जेवण आपल्याला परके नाहीच. लग्नाच्या पंगतीत मीठ-लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, आधी काय वाढायचे, मग काय, केव्हा उठायचे, याचे शिस्तवार शास्त्र आपल्या आज्या-पणज्यांना तोंडपाठ होते. तीही एक भारी हॉटेलाची रीतच होती, फक्त जमिनीवर बसून. ज्या बाईला शंभर पानांच्या पंगतीत कुणाच्या पानात काय संपले ते लांबून दिसते, तिने चार काट्यांना का घाबरावे?

ज्यांचे नाव त्या माडीला आहे, त्या पॉल बोक्यूज यांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. जन्म १९२६चा, मृत्यू २०१८ मध्ये. १९७५ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांसाठी त्यांनी केलेले सूप जगभर गाजले. पण दुसऱ्या महायुद्धानंतर हा तरुण शिकायला गेला कुणाकडे? युजेनी ब्राझिए नावाच्या बाईंकडे. लिआँ शहराच्या परिसरात स्वयंपाकात नाव काढलेल्या बायकांना लोक 'मेर' म्हणत, म्हणजे आई. या ब्राझिएबाई १८९५ मध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मल्या. लहानपण शेतावर राबण्यात गेले. लग्नाआधी मूल झाले म्हणून घर सुटले, मोलकरीण म्हणून शहरात आल्या, दुसऱ्या एका बाईच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या आणि १९२१ मध्ये स्वतःची खानावळ काढली. १९३३ मध्ये त्यांच्या दोन्ही खानावळींना मिशलँचे तीन-तीन तारे मिळाले. असे सहा तारे मिळवणारी जगातली पहिली व्यक्ती ही बाई! त्यांच्याकडे बोक्यूज नुसते स्वयंपाक शिकले नाहीत. भाजीचा मळा सांभाळला, गाईंचे दूध काढले, कपडे धुतले. तेव्हा माडीवरच्या त्या थाटामाटाचे मूळ शोधत गेले, तर ते एका कष्टकरी बाईच्या चुलीपाशी जाऊन पोचते. तिथे चढताना दबून जायचे कारण नाही.

मग वर जायचे की खाली? माझे मत विचारता, तर या खेपेला खाली, आणि तेही दुपारी. तुम्ही वर जायला लायक नाही म्हणून नव्हे. तुमच्या टेबलाशी ४ वर्षांचे पोर आहे, साखरेचा माणूस आहे आणि शाकाहारी बाई आहे म्हणून. एखाद्या मैत्रिणीच्या घरी सगळी मोठी माणसे असतील, मासे-मांस चालत असेल, पाय धड असतील आणि मुलाला परवडत असेल, तर तिला मी बिनदिक्कत सांगेन, वर जा, दोन तास बसा, आयुष्यात एकदा कुणीतरी आपल्याला एकेक पदार्थ आणून वाढू दे!

पैशाविषयी दोन शब्द. यादीतल्या दराखेरीज कर वेगळा, आणि वाढप्याची बक्षिसी १८ ते २० टक्के तिथे धरूनच चालतात. शिवाय ही हॉटेले उद्यानाच्या आत असल्याने प्रवेशाचे तिकीट लागतेच. जागा ६० दिवस आधीपासून राखता येते. राखून गेला नाहीत आणि वेळेत रद्दही केली नाहीत, तर माणशी दंड पडतो. म्हणून निर्णय लवकर कळवा. मात्र एकदा टेबलाशी बसलात, की डॉलरला रुपयांनी गुणू नका. "एवढ्यात तर घरी महिन्याचं वाणसामान आलं असतं," हे वाक्य मुलाच्या घशात घास अडकवते. हिशेब करायचा तो फोनवर, आधी. जेवताना जेवावे.

आणि मुलाच्या हौसेचे काय? ती मोडू नका, तिला दुसरी वाट करून द्या. त्या दोघांना पोर झाल्यापासून निवांत बसून जेवायला कधी मिळाले असेल? तिथे ना आजी शेजारी, ना आत्या. तुम्ही तिकडे आहात तोवर एका संध्याकाळी नातवाला तुम्ही दोघांनी सांभाळा आणि त्या दोघांना गावातल्या एखाद्या चांगल्या हॉटेलात जेवायला पाठवा. भारी टेबल त्यांना द्या. ३५ वर्षांच्या संसारानंतर नव्या संसाराला देण्यासारखी याहून चांगली भेट मला तरी सुचत नाही.

आता फोन उचला. मुलाला एकट्याला नको, दोघांनाही एकदम बोलवा आणि सरळ सांगा, "आम्हाला खालच्याच हॉटेलात जेवायचंय, दुपारी. सूनबाईनं बरोबर ओळखलं होतं, मीच तेव्हा बोलले नाही. आणि एक संध्याकाळ तुमची दोघांची, पोर आमच्याकडे." एवढ्या तीन वाक्यांत सुनेवरचा आळ उतरेल, मुलाची हौस राहील आणि तुम्हाला पोटभर जेवता येईल. काट्याचेही सांगून टाका. मुलगा हसणार नाही. त्याला पहिला घास कुणी भरवला, हे तो विसरलेला नाही.

इतर मैत्रिणींनाही एवढेच सांगणे. पुढच्या वेळी घरात कुणी विचारले, 'कुठं जेवूया?' तर मनात काय आहे ते एका वाक्यात बोलून पहा. ढाबा तर ढाबा, पांढरी चादर तर पांढरी चादर. ऐकले जाईलच असे नाही. पण निदान आपल्याऐवजी दुसऱ्या कुणाला तरी बोल लागणार नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात ना, तो बहुधा 'कुठंही चालेल' म्हणणाराच असावा!

अर्जुनीच्या भगिनींनो, परत आल्यावर पत्र जरूर पाठवा. जेवण कसे झाले ते लिहा, आणि सूनबाई काय म्हणाल्या तेही.